विंगेत न जाणारे सर

पडदा पडू लागला की सर उठायचे आणि टाळ्या संपायच्या आत नाट्यगृहाबाहेर पोहोचलेले असायचे. बारामतीतल्या हौशी नटांना वाटायचं, म्हाताऱ्याला नाटक आवडलं नाही. आवडलेलं असलं तरी सर तसेच जायचे. थांबलं की कुणीतरी हाताला धरून विंगेत नेणार, चहा देणार, नारळ देणार, याची त्यांना धास्ती होती. "विंगेतला चहा प्यायला की लेखणीत साखर उतरते," असं ते म्हणत. उसाच्या मुलखात हे वाक्य कुणाला फारसं पटत नसे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. सर पुण्याच्या एका वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन गावी आले होते. पत्नी वारलेली, मुलगी नागपूरला. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी नाटकांची परीक्षणं आणि कलेच्या बातम्या लिहायला शिकवणारा वर्ग काढला आणि खाली 'परीक्षण वर्ग' अशी पाटी लावली. पहिल्याच आठवड्यात काटेवाडीचे एक आबा पिशवीत शेतातली माती घेऊन वर आले. सरांनी त्यांना बसवून पाणी दिलं, माती कुठं तपासतात ते सांगितलं आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले. एवढ्या आदराने त्यांनी आम्हांला कधी सोडलं नाही.

मी वर्गात गेलो तो बायकोमुळे. "घरातल्या प्रत्येक भाजीला नावं ठेवता, निदान त्याचं रीतसर शिक्षण तरी घ्या," असं ती म्हणाली. आधी मी गणेशोत्सवातल्या नाटकाची एक बातमी छापून आणली होती. तिच्यात मी पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांचं कौतुक केलं होतं. सरांनी ती वाचून विचारलं, "प्रेक्षक मंत्रमुग्ध झाले म्हणजे नेमकं काय झाले? खोकायचे थांबले का? मग तेवढंच लिहा." त्या दिवशी माझ्या बातमीतली विशेषणं काढल्यावर नाटकाचं नाव आणि वेळ उरली.

अशा शिक्षणाला माणसं टिकत नाहीत. जळोचीचा एक वार्ताहर सुटला, मग एक शिक्षिका सुटल्या. शेवटी मी एकटाच उरलो, तोही बहुधा घरी जाऊन पुन्हा भाजीच खावी लागेल म्हणून.

संध्याकाळी मात्र तात्या यायचे. तात्या शेळगावचे, साखर कारखान्यात नोकरीला आणि गावच्या नाटकमंडळीचे कायमचे नायक. येताना भेळ आणायचे आणि सरांची खेचायचे. "मास्तर, नाटकं बघून बघून तुमी हसायचं इसरला."

"तुम्ही हसवा, मी हसतो," सर म्हणायचे आणि खरंच हसायचे. गावात सरांना हसवणारा तेवढा एकच माणूस होता. तात्यांना यायला उशीर झाला, तर शिकवता शिकवता सर खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे.

मग तात्यांच्या मंडळीचा बारामतीत प्रयोग झाला. पन्नाशी ओलांडलेले तात्या कॉलेजातला प्रेमवीर झाले होते. नायिका त्यांच्याच गल्लीतली मुलगी. तिला स्टेजवर तात्यांना 'अरे' म्हणवेना. प्रेमाच्या प्रवेशात तिनं दोनदा डोक्यावरून पदर घेतला. प्रेक्षागृह हसलं. सर हसले नाहीत.

परीक्षण त्यांनी माझ्यासमोरच लिहिलं. पदराचा उल्लेख होता आणि शेवटच्या वाक्यात, तात्यांनी आता वडिलांच्या भूमिका कराव्यात, त्या ते उत्तम करतील, असं होतं.

मी म्हणालो, "सर, हे एवढं गाळा की. रोज भेळ आणणारा माणूस आहे."

सरांनी त्या ओळीवर पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. "तुम्ही समोर नसता, तर कदाचित गाळलं असतं," ते म्हणाले. "पण मग उद्या तुम्हांला शिकवू काय?"

सर ज्यात लिहायचे त्या इथल्या साप्ताहिकात परीक्षण आलं. संध्याकाळी तात्यांची लूना खिडकीखालून गेली, थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तीही आली नाही, रस्ता बदलला असावा. सर खिडकीपाशी जायचे, परत यायचे. एकदा मला म्हणाले, "त्यांनी शेवटचं वाक्य वाचलं असेल ना?"

पुढच्या वर्षी शेळगावच्या यात्रेत तात्या वडील झाल्याचं कळलं. सर म्हणाले, "चला." विजेचा भरवसा नसल्यामुळे नाटक दुपारीच मांडवात होतं. आम्ही एसटीनं गेलो आणि सगळ्यात मागे खांबापाशी बसलो. मुलगी घर सोडून जाते तो प्रवेश आला. तात्या काहीच बोलले नाहीत. तिच्यामागं जायचं म्हणून चपला शोधत राहिले. चपला पायाशीच होत्या. मांडवात कुणी खोकलं नाही. सर चष्मा पुसत होते.

पडदा पडला तरी सर उठले नाहीत. मी म्हणालो, "आत जाऊन भेटू या."

"मी आत जात नसतो," ते म्हणाले. पण मांडवाबाहेर येऊन उभे राहिले. लोक पांगले, सतरंज्या गोळा झाल्या. मग आम्ही थांब्याकडे चालू लागलो.

त्या प्रयोगावर त्यांनी लिहिलं नाही. "आता चांगलं लिहिलं, तर ते म्हणतील, मास्तर समजूत काढायला आले. त्यांच्या कामाची किंमत जाईल." मी लिहितो म्हटलं, तर म्हणाले, "तुमच्या तोंडून मीच बोललो असं वाटेल त्यांना." एवढं चांगलं काम, आणि त्याच्याबद्दल एक ओळ लिहिण्याचीही सोय राहिली नव्हती.

पाटी उतरवून सर मुलीकडे नागपूरला गेले. दीड-दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं, तेव्हा मी शेळगावला जाऊन तात्यांना सांगितलं. ते ओसरीवर बसले होते. मग मी म्हणालो, "तात्या, तुमचं वडिलांचं काम बघायला सर आले होते."

"व्हय, दिसलं की मला. खांबापाशी," तात्या म्हणाले. "खेळ सुटल्यावर तोंडाचा रंग पुसला न्हाय मी. पोरं म्हणली, तात्या, जेवणं खोळंबल्यात. म्हटलं, थांबा जरा, मास्तर येत्यात का बघू."

"ते विंगेत जात नसत, तात्या."

"ते का मला ठाव न्हाय?" तात्या म्हणाले. "तरी बसलो."