मंगळवारचा गुलाबी

टर्पेंटाइनच्या बाटलीचं झाकण उघडलं की मला अंबरनाथच्या आमच्या कॉलेजातलं ते चित्रप्रदर्शन आठवतं. बाबा रंगाच्या कंपनीत होते. त्यांचा डबा पोचवायला मी जायचे तेव्हा कंपनीमागचा नाला दिसायचा. कधी गुलाबी, कधी जांभळा, वर चिमण्यांचा पिवळट धूर. तेच मी जाड रंगांचे ठिपके थापून कॅनव्हासवर उतरवलं आणि पहिलं बक्षीस मिळालं. ‘काय रंग आहेत!’ असं प्रमुख पाहुणे दोनदा म्हणाले. बाबा शिफ्ट संपवून तसेच आले, नखांत निळा रंग घेऊन. मला वाटलं, पाठ थोपटतील. ते वाकून बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “हा गुलाबी मंगळवारचा. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह मीच खोलला होता.” मी हसले. ते हसले नाहीत. “काकाला दाखवू नको. त्याला सांगितलंय, बाहेरचे टँकर येऊन ओततात.” काकांची पालेभाजी त्याच नाल्याच्या पाण्यावर होती आणि त्या वर्षी सगळी करपली होती. रविवारी काका पेढे घेऊन आले. “बघू तरी पोरीचं चित्र.” बाबा म्हणाले, “कॉलेजनं ठेवून घेतलं.” काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. चित्र आतल्या खोलीत पलंगाखाली होतं. आता ते दोघंही नाहीत. माझ्या चित्रांपुढे उभे राहून लोक विचारतात, इतके रंग सुचतात कुठून? “मनातून,” मी सांगते, अगदी बाबांसारखं, डोळ्याची पापणीही न लवू देता.