गोळीआधीचा चहा

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्यातल्या गाठीचा कॅन्सर हाडांत उतरला, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीनची गोळी सांगितली. या रोगाच्या पेशी आयोडीनच्या भलत्या हावऱ्या. दोन आठवडे त्यांना उपाशी मारायचं, मग त्या गोळीवर तुटून पडतात आणि आतल्या आत जळतात. म्हणून पथ्य : आयोडीनचं मीठ नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, दूध नाही.

मिठावर मी असा पहारा दिला की आमच्या अख्ख्या कवठे येमाई गावातल्या मुंग्या अळणी झाल्या. आबांना मेंढरांपुढचं खडेमीठ घातलं. "आता मला लोकर फुटंल रं," आबा म्हणाले.

पण आमच्याकडं माणूस मोठ्या दवाखान्यात निघाला की घरोघर सांगून निघतो, आणि तेव्हाचा चहा नाकारला तर ते घर सात पिढ्या रुसतं. मीच आबांना मोटारसायकलवर फिरवलं. चार दिवसांत ते एवढा चहा प्याले की घोडनदीला पूर यावा. चुलती म्हणाली, "दूध चालत न्हाई म्हणं त्यांना?"

मी ऐटीत म्हणालो, "काकी, चहा म्हंजी चहा. दूध कोण पितंय?"

गोळी शिशाच्या जाड डब्यातून आली. आबा तीन दिवस बंद खोलीत एकटे. फोनवर म्हणाले, "दिवा मालवून बघितलं. चमकत न्हाई मी."

आठवड्यानं स्कॅन झाला. गोळी जिथं धरते तिथं ठिपके दिसतात. आबांच्या हाडांत एकही नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "पथ्य नीट पाळलं ना? दूध वगैरे?"

"थेंब नाही, साहेब!" मी म्हणालो.

"मग रोग आयोडीन घेतच नाही. पुन्हा गोळी देऊन उपयोग नाही."

दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन मी चहाचं कबूल केलं. डॉक्टर जुने रिपोर्ट चाळत म्हणाले, "चहानं एवढं सगळं कोरं राहत नाही. दुसऱ्या तपासण्याही हेच सांगतात." माझं मन राखायला म्हणाले का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

गोळीच्या किरणांमुळं नातवंडांपासून लांब राहायचे दिवस कधीच सरले. तरी आबा त्यांना उंबऱ्याबाहेर बसवतात. "जवळ नगं रं. आत गोळी काम करतीया." मग मला विचारतात, "दुसरी कवा?"

"सुगी झाली की, आबा. एकदम दोन देणार हायेत."

ते मान डोलावतात, आणि हाडाला टोचू नये म्हणून पाठीखालची उशी सरकवून घेतात.