मुंढ्याकडचा मजकूर

टाचणीताईंकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते त्या लिहीत असताना. माझ्या कोटाचं अस्तर फाटलं होतं, ते बदलून घ्यायला मी त्यांच्या दुकानात गेले होते. दुकान कसलं, जिन्याखालची खोली ती. एक मशीन, एक लांब टेबल आणि खिळ्याला अडकवलेले तपकिरी कागदाचे काप. ओठांत तीन टाचण्या धरून त्या अशाच एका कापावर पेन्सिलीनं लिहीत होत्या. कुणाचं तरी माप असेल, असं मला वाटलं. पण मापात ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ असं कुणी लिहीत नाही. दुसऱ्याचं वाचू नये हे मी मुलांना जन्मभर शिकवलं. पण वह्या तपासून तपासून डोळ्यांना वाईट खोड लागली आहे.

त्यांनी कागद झाकला नाही. टाचण्या काढून म्हणाल्या, “शुद्धलेखन बघू नका हं बाई. ताई मला चुकांसकट वाचते.”

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती दूरच्या गावी असायची. लग्न होऊन गेल्यापासून दोघींची पत्रं चालू होती, दर पंधरवड्याला एक. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे आमच्या टाचणीताईंचं बोलणं मुळात कमी. ‘हूं’, ‘हात वर’, ‘श्वास सोडा’ एवढ्यात गिऱ्हाईक आटपायचं. पोटात उरलेलं सगळं कागदावर जायचं. आणि कागदही विकतचा नाही. गाव सोडून गेलेल्या, नाहीतर अंगानं सुटलेल्या गिऱ्हाइकांच्या मापाचे जुने काप त्या पत्रासाठी वापरायच्या.

मी हसून विचारलं, “असल्या वेड्यावाकड्या कागदावर लिहिता कशा?”

“वेडावाकडा कुठाय? हे पोट, हा खांदा, आणि हा मुंढा,” त्यांनी बोट फिरवून दाखवलं. बाही जोडतात तिथला गोल काप म्हणजे मुंढा. तिथं कागद आत जातो आणि अरुंद होतो. “पोटावर हवापाणी, भाज्यांचे भाव, शेजारणीच्या चहाड्या. वाईट असेल ते मुंढ्याकडं. तिथं ओळीत तीनच शब्द मावतात, रडगाणं लांबत नाही. ताई आधी मुंढा बघते. तो कोरा असला की निवांत चहा टाकते, मग बाकीचं वाचते.”

पुढं मी विनाकारणच त्यांच्याकडे जाऊ लागले. कधी गुंडी तुटायची, कधी मी तोडायची. नवरा गेला तेव्हा त्यांनी मुंढ्याकडं काय लिहिलं, ते मी एकदा धीर करून विचारलं. “‘आज एकटी जेवले,’” त्या म्हणाल्या आणि मशीन सुरू केलं.

त्यांचा मुलगा त्यांच्याजवळच राहायचा. नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला, मितभाषी, आईवर गेलेला. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको घर सोडून गेली. विचारलं की तो म्हणायचा, “शिकायला गेलीय, येईल.” टाचणीताईही तेच सांगायच्या. आम्हीही खोदून विचारलं नाही.

मग एका सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं फोनवर एक फोटो पाठवला. सोबत लिहिलं होतं, ‘बाई, तुम्हाला आवडेलच!’ तपकिरी कागद, पेन्सिलीचं अक्षर, एका बाजूला गोल काप. मी लगेच ओळखलं. कौतुकानं माझा ऊर भरून आला आणि मी तो फोटो आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवून दिला. वाचलं नंतर. मुलांना मी सांगत आले, आधी प्रश्न नीट वाचा आणि मग उत्तर लिहा. माझं मीच विसरले.

मुंढ्याकडं लिहिलं होतं: ‘सून येणार नाही. हा बाथरूममध्ये नळ सोडून रडतो. वाटतं मला ऐकू जात नाही. कुणाला सांगू नकोस.’

मुळात तो फोटो इंटरनेटवर टाकला होता ताईच्या मुलीनं. मनात वाईट काही नव्हतं. मावशीच्या अक्षराचं तिला लहानपणापासून अप्रूप. फोटोखाली दोन लाख लोकांनी बदाम दिले होते. ‘डोळे पाणावले’, ‘असं लिहिणारी माणसं आता कुठं राहिली’, ‘पत्रलेखनाची कला मरत चाललीय हो’. एकीनं विचारलं होतं, अशा आकाराचे कागद विकत कुठं मिळतील?

मी तशीच उठून दुकानात गेले. भाचीचा फोन स्पीकरवर चालू होता.

“मावशी, अगं तू फेमस झालीस! लोक रडतायत वाचून!”

“लोकांना कशाला रडवलंस गं?” टाचणीताई हळूच म्हणाल्या. “आणि त्याच्या कचेरीत कुणी बघितलं तर?”

“नाव कुठाय त्यात तुझं? कुणाला कळणारे?”

कळलं होतं. भाचीनं अभिमानानं ‘माझी शिंपीण मावशी’ म्हणून लिहिलं होतं, आणि दुकानाची पाटी दुसऱ्या फोटोत होती. दुपारीच मुलगा कचेरीतून थेट दुकानात आला. तोवर तिथंच बसलेली मी निघायला उठले, त्यानं थांबा म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. आईसमोर उभा राहून म्हणाला, “तुला ऐकू येत होतं?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

“मग तेव्हाच दार वाजवायचं होतंस ना, आई. सगळ्या जगाला सांगितलंस, मला नाही सांगितलंस.”

“जगाला नाही रे सांगितलं. ताईला सांगितलं.”

“तेच झालं आता,” तो म्हणाला आणि जिना चढून घरात गेला.

भाचीनं रडून फोटो काढून टाकला. पण चव्हाट्यावर आलेलं परत घरात जात नाही. मीही ग्रुपवरून तो पुसला, तोवर आमच्या चित्रकलेच्या सरांनी तो आणखी तीन ठिकाणी पाठवला होता.

टाचणीताई त्यानंतरही पत्रं लिहीत राहिल्या, पण बाजारातून विकत आणलेल्या सरळ, रेघी कागदावर. एक पत्र त्यांनी मला आपण होऊन वाचायला दिलं. ‘सर्व क्षेमकुशल आहे. हवा आल्हाददायक आहे.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. दहापैकी दहा द्यावेत असं पत्र. त्या लिहिताना मधेच थांबायच्या, दाराकडं बघायच्या. दारात कुणी नसायचं.

“ताई म्हणाली, हे कुणाला लिहितेस?” त्या मला सांगत होत्या. “म्हटलं, तुलाच. तर म्हणते, मला नाही वाटत. मला मुंढा सापडत नाही.”

“मग लिहा ना पूर्वीसारखं. भाची आता नाही काही करणार.”

“तिचा नाही हो प्रश्न. पेन्सिल टेकवली की मागं माणसं उभी राहतात, बाई. हळहळायला लागतात.”

चार-सहा महिन्यांत रेघी कागदावरची पत्रंही थांबली. भाचीनं आईला नवा फोन घेऊन दिला, मुलानं टाचणीताईंना.

आता दोघी बहिणी दर रविवारी अकरा वाजता बोलतात, हवापाणी, भाज्यांचे भाव. फोन कसा लावायचा हे टाचणीताईंना अजून जमत नाही, म्हणून मुलगा लावून देतो आणि बोलणं संपेपर्यंत शेजारी बसून असतो.