कॅप्टन लमजदला मिळालेलं विमान

विमान कंपनी बुडून सहा वर्षं झाली, तरी ट्यूनिसजवळच्या ला गुलेतमध्ये लमजदला सगळे कॅप्टनच म्हणत. मेहुण्याच्या रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक येई आणि म्हणे, "कॅप्टन, पांढरा द्या एक डबा." डोक्यावरून विमान गेलं की याचा हात डब्यावरच थांबे. आज ना उद्या हा थाऱ्यावर येईल, असं घरच्यांना वाटे. कसला येतोय! दरवर्षी खटपट करून त्याने वैमानिकाचा परवाना जिवंत ठेवला होता, तो काय रंग विकायला?

मग मोठ्या कंपनीच्या वैमानिकांनी संप पुकारला. दोन उड्डाणांमधली विश्रांती कापली, म्हणून. कंपनीने बदली वैमानिक शोधायला घेतले आणि लमजदचा फोन वाजला. "उद्या सकाळी फ्रान्सला, लिऑं. जाऊन लगेच परत. जमेल?"

जमेल म्हणाला, आणि तेव्हापासून त्याला एका जागी बसवेना. बूट पुसले, पुन्हा पुसले.

"लोकांची भाकरी आहे ती," बायको म्हणाली. सुआद स्पष्ट बोलणारी.

"आणि माझी? सहा वर्षांत माझी भाकरी कुणी विचारली?"

"हिसकावली तरी त्यांनी नव्हती ना?"

त्याने बूट तिसऱ्यांदा पुसायला घेतले.

विमानतळाच्या फाटकाशी संपकरी उभे होते. त्यातल्या निम्म्यांना त्यानेच शिकवलेलं. कुणीतरी ओरडलं, "कॅप्टन, रंग विका, रंग! तिथे तरी आपलाच डबा उघडता!" लोक हसले. लमजद मान खाली घालून आत गेला. पण वैमानिकाच्या खुर्चीत बसला, समोर काटे हलले, आणि खोटं कशाला सांगा, त्याला आनंदाने रडू फुटायचं बाकी होतं.

खाली विमानाच्या नाकाशी खमैस उभा होता, सगळ्यांचा 'अम्म', म्हणजे काका. कानाला यंत्र, त्याची तार विमानाला जोडलेली; तीवरूनच तो कॅप्टनशी बोले. दंडावर लाल पट्टी. तिकडे ही रीतच आहे: काम सोडायचं नाही, पण हाताने काम करायचं आणि दंडाने नाही म्हणायचं. वीस वर्षं लमजदचं विमान यानेच मागे ढकलून दिलं होतं. तार काढण्याआधी तो दर वेळी म्हणे, "सुखरूप जा, कॅप्टन." नियमात हे कुठे नव्हतं. धुकं असो, भांडण असो, रमजानचा उपास असो, खमैस कधी चुकला नव्हता.

"ब्रेक लावा," कानात आवाज आला.

"लावला. कसा आहेस, अम्म खमैस?"

"तार काढतोय."

लमजद वाट पाहत राहिला. कट्ट आवाज झाला आणि कान रिकामा झाला. शेजारच्या परदेशी सहवैमानिकाने विचारलं, निघायचं ना? निघाले.

परतताना ट्यूनिसला चाकं अशी टेकली की कुणाला कळलंसुद्धा नाही. मागे प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. दारातून त्या त्याला ऐकू आल्या. सहा वर्षं तो या टाळ्यांसाठी झुरला होता, आणि आता त्या कधी थांबतात असं त्याला झालं.

जिना उतरून तो थेट चाकांकडे गेला. खमैस वाकून ठोकळे लावत होता. प्रवासाहून आलेल्या माणसाला 'सुखरूप आलात' म्हणायचं, हे ट्यूनिसमध्ये वैऱ्यालाही चुकत नाही. लमजद थांबला. खमैस ठोकळे लावून सरळ झाला, हात पुसले.

"आलो बाबा," लमजद शेवटी स्वतःच म्हणाला. "काही म्हणणार नाहीस? विसरलास सकाळी."

"विसरलो नाही." खमैसने पट्टी दंडावर वर सरकवली. "जा, असं म्हटलंच नव्हतं, कॅप्टन. मग आलात, असं कुठल्या तोंडाने म्हणू?"