नदीकाठचं उद्यान, भिंतीवरची ट्यूब आणि ताईची साडी

ताई आणि दाजी कोल्हापूरहून पहिल्यांदाच आमच्याकडे डिचोलीला राहायला आले. "समुद्र-बिमुद्र नको, गर्दी नसंल तिथं न्या," दाजींनी आधीच सांगितलं. म्हणून रविवारी सकाळी आम्ही चौघं पेडण्याकडे निघालो. गाडी सुहास, माझा नवरा, चालवत होता. बसने जायचं तर म्हापशाला बदलावी लागते आणि पुढे गाड्या कमी, तेव्हा स्वतःचं वाहन बरं. वाटेत भाजी-पाव खाल्ला. हळर्णच्या पुढे रस्ता अरुंद होतो, पण झाडी सुंदर.

उद्यान दिसायला देखणं आहे. तिकीट किरकोळ, भरपूर सावली, नदीत उतरायला दगडी पायऱ्या. घाटाजवळच्या भिंतीवर लाल-पांढरी ट्यूब होती, बुडणाऱ्याला फेकायची. लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढत होते.

दाजी पाय बुडवायला उतरले.

"जपून हं," ताई म्हणाली.

"पंचगंगेत वाढलोय मी."

पाण्याखालची पायरी शेवाळली होती. पाय सटकला. इथं समुद्राची भरती-ओहोटी नदीतही जाणवते; ओहोटी लागलेली, पाण्याला ओढ होती. बघता बघता दाजी घाटापासून लांब गेले. पाण्यावर वाकलेल्या एका झाडाची फांदी हाताला लागली, तिला धरून ते कसेबसे तरंगत राहिले.

सुहास ट्यूबकडे धावला. ती निघेना. चक्क स्क्रूने भिंतीला आवळलेली.

"लोक चोरून व्हरतात, म्हणून घट्ट बसयल्या," रखवालदार म्हणाला. दोरी कोठारात होती आणि चावी साहेबांकडे.

तोवर ताईने अंगावरची साडी सोडली होती. एका टोकाला पाण्याची भरलेली बाटली बांधून तिने ते फेकलं. पहिल्यांदा चुकलं, मग दाजींच्या हाती लागलं. आम्ही तिघांनी ओढून त्यांना वर घेतलं. घाटावर माणसं कमी नव्हती. मदतीला कोणी आलं नाही, मोबाईल मात्र सगळ्यांचे वर होते. मी माझी ओढणी ताईच्या खांद्यांवर टाकली.

"पाटी लावल्या न्हय थंय?" रखवालदार म्हणाला. धोक्याची पाटी होती, आइस्क्रीमच्या गाड्यामागे.

म्हापशाला इस्पितळात दाजींना ठेवून घेतलं. छातीत पाणी गेलं होतं, पण निभावलं.

तुम्ही जाणार असाल तर आधी ती ट्यूब ओढून बघा. दोरी कुठे आहे ते विचारा. ओली पायरी दिसली की मागे फिरा, पोहता येत असलं तरी.

ताई-दाजी घरी पोहोचायच्या आधीच तो व्हिडिओ कोल्हापुरात पोहोचला होता. त्यात बुडणारा माणूस नीट दिसतच नाही. दिसते ती परकरातली ताई. गल्लीतल्या बायका तिला बघून बोलायच्या थांबतात. परवा फोनवर ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "तुझे दाजी काल विचारत होते, दुसरं काही मिळालं नाही का गं फेकायला?"