पायरीवर उभे राहून मागितलेला पगार

मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या बरोबरीच्या मित्रांची निम्मी नोकरी सरली होती. इतिहासात एम.ए. झाल्यावर काही वर्षे प्राध्यापकीच्या परीक्षांमागे गेली, पुढची वडिलांच्या दुखण्यात, आणि चाळिशी उलटल्यावर मी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत दुकानावर लिखापढीच्या कामाला बसलो. शेतकऱ्याच्या मालाचा लिलाव झाला की हमाली, तोलाई वजा करून त्याला द्यायच्या रकमेचा कागद करायचा. मोंढ्यात त्याला पट्टी म्हणतात. माझे अक्षर चांगले होते. शेठजी मला ‘प्रोफेसर’ म्हणत. त्यात थट्टा किती आणि आदर किती, हे मी कधी तपासून पाहिले नाही.

पुढे त्यांचा भाचा संगणकावर हिशेब करायला शिकून आला. शेठजींनी मला गादीवर जवळ बसवले, चहा मागवला आणि म्हणाले की तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने या धुळीत कशाला सडायचे. उद्यापासून तुम्ही मोकळे. मी त्यांचे आभार मानले. झरीला, आमच्या गावी, येऊन बायकोला हे सांगू लागलो, तेव्हा कुठे आपल्याला काढून टाकले आहे हे माझ्या नीट ध्यानात आले. तीन महिन्यांचा पगार राहिला होता. उन्हाळ्यापावसाळ्यात मोंढ्यात पैसा फिरत नाही, हंगाम सुरू झाला की एकदम देतो, असे ते म्हणाले होते आणि मला ते पटलेही होते.

मुलगी नांदेडला शिकत होती. फीचा दुसरा हप्ता दिवाळीच्या सुट्टीआधी भरला नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, असे तिने फोनवर सांगितले आणि लगेच दुसरा विषय काढला. बायको अंगणवाडीत होती. तिच्या मानधनावर घर चालत होते. हप्ता माझ्या पगारातून जायचा, असे ठरले होते. ठरवले मीच होते. असे काही ठरवण्याइतकी कमाई आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हाती येत होती.

म्हणून मी मोंढ्यात पुन्हा जाऊ लागलो. आडत दुकानाला पुढे पायऱ्या असतात, आत पांढरी चादर घातलेली गादी. पायरीशी चपला काढायच्या आणि वर जाऊन बसायचे. शेठजी तोंडभरून ‘या प्रोफेसर’ म्हणत. चहा येई. चहा संपला की बोलायचे म्हणून एक वाक्य मी बसमध्येच जुळवून ठेवलेले असे. पण तेवढ्यात भाचा एखादी पट्टी पुढे करी आणि विचारी, काका, यात तोलाई बरोबर धरली का बघता? मी बघत असे. बाजार समितीचे काही पत्र आलेले असले की शेठजी ते माझ्यापुढे सरकवत, आणि उत्तर लिहिता लिहिता दुपार होई. मग ते जेवायला उठत आणि मी चपला घालून बसस्थानक गाठत असे. एकदा तर निघताना मीच भाच्याला सांगितले की राहिलेले उद्या येऊन बघतो.

हे सारे मी घरी जसेच्या तसे सांगत असे. लपवणे मला जमत नाही. बायकोने एक दिवस तव्यावरची भाकरी उतरवली आणि शांतपणे विचारले,

“तुमी पगार मागायला जायलाव, का बिनपगारी नोकरीला?”

मी हसलो. ती हसली नाही. कामगार कार्यालयात अर्ज देण्याचा विचार आम्ही आधीच करून पाहिला होता; पण माझ्याकडे नेमणुकीचा कागद नव्हता, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत हप्त्याची मुदत थांबणार नव्हती. तिने दुसरी भाकरी थापायला घेतली आणि खाली बघूनच म्हणाली, “गादीवर चढूच नका. चपला काढल्या की तुमी दुकानाचे होताव. खालीच उभं राहा.”

दिवाळीसाठी मोंढा बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी गेलो. दुकानासमोर सोयाबीनचे ढीग पडले होते, लिलाव सुरू व्हायचा होता. मी पहिल्या पायरीवर, चपलांसकट, उभा राहिलो. शेठजींनी वर बोलावले. मी इथेच बरा आहे म्हणालो. कोणाची तरी वाट पाहत असेन असे त्यांना वाटले असावे. थोड्या वेळाने भाचा एक कागद घेऊन बाहेर आला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. तो क्षणभर थांबला आणि आत गेला.

तिथे उभे राहणे माझ्यासारख्याला फार जड गेले. पाठीवर पोती घेतलेले हमाल ‘बाजू, बाजू’ करत जात होते आणि मी प्रत्येकाच्या वाटेत येत होतो. नाकातोंडात सोयाबीनची धूळ जात होती. आडतीच्या ओळीतले सगळे ओळखीचे चेहरे आपल्याकडेच बघत आहेत असे वाटत होते, आणि त्यांतले काही खरोखरच बघत होते. दोनदा मी निघून जायचे ठरवले. पाय उचललासुद्धा होता.

तेवढ्यात आमच्या झरीचे एक वयस्कर शेतकरी टेम्पोतून उतरले. मी तिथे होतो म्हणून त्यांनी या दुकानाशी व्यवहार धरला होता, आणि मला काढल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. “मुनीमजी, गादी सोडून उन्हात काहून उभे?” त्यांनी विचारले. एक साधे खोटे उत्तर माझ्या ओठांवर तयार होते. ते का आले नाही, हे आजही सांगता येणार नाही. मी म्हणालो, “माझा तीन महिन्यांचा पगार राहिलाय. तो घेऊन जायचंय.”

टेम्पोच्या आवाजात त्यांना ऐकू गेले नाही. मला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावे लागले.

ते शेठजींकडे वळले. “शेठ, ह्यांचे तीन महिने राहिलेत म्हणं. मंग माझी पट्टी कवा, संक्रांतीला का?”

आजूबाजूचे हसले. शेठजीही हसले, पण शेजारच्या ढिगापाशी पोते उसवत असलेला एक शेतकरी उसवायचा थांबला, आणि ते शेठजींनी पाहिले. “अहो, घरचं माणूस हाय ते,” ते म्हणाले. “फिकीर करू नका प्रोफेसर, संध्याकाळी फोनवर टाकतो.”

“मी थांबतो,” मी म्हणालो.

आवाज माझाच होता, तरी मला तो अनोळखी वाटला. शेठजींनी चष्मा लावला, फोन काढला, भाच्याकडून माझा नंबर तपासून घेतला. माझ्या खिशातला फोन वाजला. शेवटच्या मोडक्या महिन्याचे दिवस त्यांनी धरले नव्हते. त्याबद्दल मी बोललो नाही. तेवढा धीर उरला नव्हता. “वर येऊन मागितलं असतं तरी दिलं असतं,” शेठजी म्हणाले, आणि त्यांना ते खरेच वाटत असावे. आमच्या गावच्या त्या वयस्कर शेतकऱ्यांनी टेम्पोवाल्याला पोती उतरवायला सांगितली. जाताना त्यांच्या पाया पडावेसे वाटले, पण गर्दीत तेही जमले नाही. नुसता नमस्कार केला.

बसस्थानकावरूनच मी मुलीला पैसे पाठवले. बस सुटायच्या आत तिने हप्ता भरल्याच्या पावतीचा फोटो टाकला आणि खाली विचारले, बाबा, जेवलात का? मी खिडकीशी बसलो, जिंतूर रस्त्याला बस लागल्याचे पाहिले, आणि पुढचे मला काही आठवत नाही. कंडक्टरने खांद्याला हात लावून उठवले. “झरी कवाच गेली काका. बोरी आली.”

मी पुढच्या तिकिटाचे पैसे दिले आणि उतरलो. परतीच्या बसला वेळ होता. समोरच्या गाड्यावर भजी तळत होते, आणि सकाळपासून मी काही खाल्ले नव्हते. एक प्लेट घेतली. तेवढ्यात बायकोचा फोन आला. हप्ता भरल्याचे तिला मुलीकडून कळले होते. मी कुठे आहे, एवढेच तिला हवे होते. बोरीला, मी म्हणालो.

“बोरीला आता कोणाकडं पगार राहिलाय?”

कोणाकडेच नाही, म्हणालो, आणि भज्यांची आणखी एक प्लेट सांगितली.