हेलिपॅडचा जोडरस्ता

“मॅडम, हे चौदा फॉर्म तुम्ही घरी बसून भरलेत,” पिंगळे सर फोनवर म्हणाले.

आमच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. मी सर्व्हे कंपनीत फील्ड सुपरवायझर होते. लोकांच्या दारात जाऊन प्रश्न विचारायचे, उत्तरं फॉर्मवर उतरवायची. आधी साबण आणि चहा, मग टीव्ही, शेवटी शेवटी निवडणुका. उन्हाचा कंटाळा आला की काही जण झाडाखाली बसून मनानेच फॉर्म भरतात. सापडले की ब्लॅकलिस्ट. मग कुठलीच कंपनी दारात उभी करत नाही, आणि आधी केलेलं सगळं कामही संशयात जातं.

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते, म्हणजे अगदीच अजाण. मला माणसं ओळखता येतात अशी माझी ठाम समजूत होती. गळ्यात आयकार्ड, डोक्यावर हॅट आणि पर्समध्ये ग्लुकोज बिस्किटं. त्या ध्यानाचा एक फोटो घरात आहे. नात तो बघते आणि विचारते, “आजी, तू सर्कशीत होतीस का?”

“सर, मी एकेका दारात गेले होते,” मी म्हटलं.

“मग चौदा माणसं, चौदा घरं आणि उत्तर एकच? तुमच्या गावात सर्वांत आधी काय व्हायला हवं, तर म्हणे हेलिपॅड! एकानेसुद्धा गटार म्हणू नये?”

खरं सांगायचं तर हे उत्तर लिहिताना मीच हसले होते.

गाव निफाडच्या बाजूचं. नाव सांगत नाही, धंद्याचा नियम आहे. उमेदवाराचंही सांगत नाही, ते अजून निवडणुका लढवतात. गावात त्यांना हेलिपॅडदादा म्हणत. विधानसभेला उभे होते आणि त्यांनी या गावाला हेलिपॅड द्यायचं कबूल केलं होतं. ज्या गावात एसटी येत नव्हती, त्या गावाला.

पहिलंच घर कौसाबाईचं. पन्नाशीची, काटक बाई. द्राक्षबागेत फेलफूट काढायला जायची, म्हणजे वेलीची नको असलेली कोवळी फूट खुडायला. मी पर्यायांचं कार्ड तिच्यापुढे धरलं. रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा, रोजगार. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

“ह्यात हेलिपॅड नाय?”

“नाही.”

“मग तुमचं कार्ड कच्चं हाय, मॅडम.”

कार्डावर नसलेलं उत्तर ‘इतर’मध्ये लिहायचं, आणि बोललं तसंच, शब्द न बदलता. मी लिहिलं. मग फॉर्म मिटला आणि जे करायला सक्त मनाई असते तेच केलं. भाषण दिलं. “बाई, मत अमूल्य असतं. असल्या थापांना भुलू नका. जागरूक व्हा.” चांगली दहा मिनिटं बोलले. कौसाबाईने मान डोलावली, चहा दिला आणि म्हणाली, “लय छान बोलता. शेजारी पन सांगा.”

मी शेजारी सांगितलं. चौदाही घरी सांगितलं. चौदा वेळा हेलिपॅड लिहिलं आणि चौदा चहा प्यायले.

आता त्याचा बॅक-चेक होणार होता. म्हणजे भरलेला फॉर्म घेऊन त्याच माणसाकडे पुन्हा जायचं आणि मुलाखत खरंच झाली होती का ते तपासायचं. पिंगळे सर स्वतः मुंबईहून आले. सोबत दिल्लीची एक ॲनालिस्ट होती, रिद्धिमा. गरीब माणूस अशा उमेदवारांना मत का देतो, यावर ती मोठा रिपोर्ट लिहीत होती. मुलगी हुशार होती आणि वागायला चांगली होती. फक्त बुटांचा रंग पांढरा होता.

मला इंदिरानगरच्या घरून गाडीत घेतलं. गाडी लांबलचक, पण बसकी. वाटेत रिद्धिमा म्हणाली, “आंटी, ये लोग अपने ही नुकसान के लिए वोट क्यों देते हैं?”

“अडाणी असतात बिचारे,” मी म्हटलं. हो, मीच. त्या बाईचा कान धरावासा वाटतो, पण कान माझाच आहे.

फाट्यावरून गाव तीन किलोमीटर आत. मध्ये ओढा. त्याच्यावरचा फरशीपूल दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला होता. फॉर्म भरायला आले तेव्हा मी चपला हातात घेऊन चालत ओलांडला होता. गाडीतून जाताना मात्र तो मला आठवलाच नाही. चाकांवर बसलं की माणूस पायाचं विसरतो.

ड्रायव्हरने विचारलं, “घालू का?”

सर म्हणाले, “घाल, एवढंसं तर पाणी आहे.”

गाडी मधोमध गेली, फुर्र केलं आणि बसली.

आम्ही मदतीसाठी हाक मारणार तेवढ्यात समोरून सात-आठ बाया आल्या. त्यांच्याकडे दोर होता, दोन फळ्या होत्या, रिकामी गोणपाटं होती. पाय धुवायला तांब्यासुद्धा होता. एवढी तयारी मी अग्निशमन दलाकडेही पाहिलेली नाही. पुढे कौसाबाई. तिने आधी मोबाइल काढला.

“साहेब, जरा हिकडं बघा. काच खाली घ्या. हां!” फोटो काढला. मग म्हणाली, “उतरा आता.”

सर गुडघाभर पाण्यात उतरले. रिद्धिमाचे बूट कुठल्या रंगाचे झाले ते सांगायला नको. बायांनी दोर बांधला, गोणपाटं चाकाखाली सारली, ‘हुई’ म्हटलं आणि गाडी बाहेर काढली. कोणाला दम लागला नाही. सरावाचा हात होता.

“चला, हेलिपॅड दाखवते,” कौसाबाई म्हणाली.

गावाबाहेर एक जुनं खळं होतं. सारवलेली, सपाट जमीन. मैदानावर रेषा मारायची पांढरी फक्की असते ना, त्या फक्कीने मधोमध मोठं वर्तुळ आणि त्यात इंग्रजी एच काढला होता. एचवर कुरडया वाळत होत्या. बाजूला एक म्हातारे आजोबा हातात काठी घेऊन बसले होते.

“हे कोण?” सरांनी विचारलं.

“राखनदार. हेलिकॉप्टर आलं तर कुरडया उचलायला पायजे ना कुनीतरी.”

आजोबा गंभीरपणे म्हणाले, “अजून आलं नाय.”

तोवर चौदाही घरच्या बाया खळ्यावर जमल्या होत्या. सरांनी तिथेच बॅक-चेक सुरू केला. एकेकीला फॉर्म दाखवून विचारलं, “या मॅडम आल्या होत्या?”

“आल्या होत्या. हॅट होती.”

“काय सांगितलं होतं तुम्ही?”

“हेलिपॅड.”

एकीने तर माझं भाषण हातवाऱ्यांसकट करून दाखवलं. बाया हसून खाली बसल्या. सरही हसले. मी फक्कीच्या एचकडे बघत राहिले. पण चौदापैकी चौदा जुळले. माझं नाव वाचलं. आता गुपचूप परत जायचं एवढंच उरलं होतं.

तर रिद्धिमाला प्रश्न पडला. “आंटी, इनसे पूछिए, सचमुच लगता है हेलिकॉप्टर आएगा?”

मी विचारलं. कौसाबाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच हेलिकॉप्टर मागितलंय.

“आमी येड्या हाय का? बाजारला जायला पिकअप मिळंना, हेलिकॉप्टरात कोन बसनार हाय?”

“मग त्यांना मत का देता?”

“खोटं तर समदेच बोलत्यात, मॅडम. बाकीचे तालुक्याला सांगायचं खोटंच आमाला बी सांगून जात्यात. ह्यानं आमच्या गावापुरतं येगळं खोटं बनवून आनलं. खळ्यावर बसून भाकर खाल्ली, जागा पावलांनी मोजली. कुनीतरी आमच्यासाठी डोकं चालवलं, हे काय कमी हाय का?”

मी तोंड उघडलं, पण तिचं संपलं नव्हतं.

“आन् दुसरं ऐका. पूल वाहून गेला तवापासून बागेत न्यायचा पिकअप आत येत नाय. अंधारात उठून फाट्यापत्तुर चालत जायचं. पोचायला उशीर झाला की पिकअप निघून जातो, त्या दिवसाचा रोज बुडाला. पुलासाठी आमी किती अर्ज दिले? समद्यांची पोच हाय, मानूस एक नाय आला. मंग दादांनी हेलिपॅड म्हनलं. तवापासून बघा.”

तिने मोबाइलमधले फोटो दाखवले. ओढ्यात अडकलेली सरकारी जीप. सरकारचा हेलिपॅडशी काही संबंध नाही, हे सांगायला आलेली. अडकलेली चॅनेलवाल्यांची व्हॅन. मतदारांची कीव करायला आलेली. विरोधी उमेदवाराची अडकलेली गाडी. दादांची फजिती करायला आलेली. शेवटी आमची, काच खाली घेतलेली.

“रडत व्हतो तवा कुनी आलं नाय. आता हसायला येत्यात. हसायला येऊ द्या, पन वाट ह्याच पान्यातून हाय.”

पण माझ्यातली जागरूक बाई अजून मेली नव्हती. मी म्हटलं, “तरी पण कौसाबाई, खोट्या आश्वासनावर भरवसा ठेवायचा म्हणजे...”

“तुमी ऱ्हाता कुठं?”

“इंदिरानगरला. फ्लॅट आहे.”

“मोठी बिल्डिंग असंल. काय काय हाय?”

सवयीने मी सांगितलं, “लिफ्ट, पार्किंग, स्विमिंग पूल...” आणि थांबले.

“पोहायचा तलाव? पोहता?”

“तो... ब्रोशरमध्ये आहे.”

“आनी जाग्यावर?”

“जाग्यावर स्कूटरी लावतात.”

आजोबांनी काठी आपटून विचारलं, “मंग राखनदार ठेवलाय का?”

पिंगळे सर इतके हसले की त्यांच्या हातातले फॉर्म कुरडयांवर पडले. त्या निळ्या पाण्याच्या चित्राला भुलून यजमानांच्या मागे लागले होते मी. आधी पोहायचा ड्रेस घेतला होता, मग फ्लॅट.

सरांनी सगळं हिंदीत सांगितल्यावर रिद्धिमाने हसून डोळे पुसले आणि ती कामाला लागली. म्हणाली, म्हणजे खरं उत्तर पूल आहे. चौदाही फॉर्मवर हेलिपॅड खोडून ‘रस्ता’ करूया.

“नाय!” कौसाबाई एकदम उठली. “पूल लिवला तर तो कागद बाकीच्या कागदांत जाईल. पुन्हा कोन येनार? आमी बोललो ते लिवा.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. “मॅडम, फॉर्म तुमचे. सही तुमची.”

गंमत बघा. घरी बसून फॉर्म भरल्याचा आरोप पुसायला आले होते, आणि आता खाडाखोड केली तर मी खरंच मनाने उत्तरं भरणार होते. पण हेलिपॅड ठेवलं तर ही बाई अडाणी म्हणून छापली जाणार, तेही माझ्या सहीने. मी तिला तसं सांगितलं.

“छापा की,” ती म्हणाली. “अडानी म्हनून छापलं तर चार जन जास्तीचे येतील.”

मी सही केली. बोललं तसंच, शब्द न बदलता.

परतताना गाडी पुन्हा अडकली. फोटो पुन्हा काढला.

रिपोर्ट छापून आला. रिद्धिमाने शेवटी एक चांगला परिच्छेद लिहिला होता, तिच्या वरिष्ठांनी तो जागेअभावी काढला. उरलं ते एवढंच की ग्रामीण मतदार स्वप्नांना भुलतो. मग आणखी गाड्या आल्या. प्राध्यापक आले, व्हिडिओ करणारे आले. बायांनी दुसरा दोर घेतला.

दादा निवडून आले. आभार मानायला गावाकडे निघाले, मागे सहा गाड्या. पुढची अडकली तशा मागच्या पाचही अडकल्या. दादा पाण्यात उतरले. कौसाबाई नारळ घेऊन उभीच होती.

“दादा, आलाच हाय तर हेलिपॅडचं भूमिपूजन हितंच उरकून घ्या.”

गळ्यात हार, पँट गुडघ्यापर्यंत वर, सहा गाड्यांची माणसं मोबाइल धरून उभी. करतात काय? ओढ्यातल्या दगडावर नारळ फोडला.

एकदा नारळ फुटला की फाइल पुढे सरकावीच लागते. हेलिपॅड कुठल्याच योजनेत बसेना. पण हेलिपॅडला जायचं तर रस्ता लागतो आणि रस्त्यात ओढा आहे, हे एका बेरक्या इंजिनिअरच्या लक्षात आलं. पुढच्या पावसाळ्याच्या आत पक्का पूल झाला. त्याच्या कठड्यावर पाटी आहे, मी स्वतः पाहिली आहे: ‘प्रस्तावित हेलिपॅडचा जोडरस्ता’. आता पिकअप दारात येतो. एसटीही येते आणि खळ्याजवळ थांबते. कंडक्टर ओरडतो, “हेलिपॅडवाले उतरून घ्या!” कुरडया अजून तिथेच वाळतात.

कौसाबाईचा अधूनमधून फोन येतो. परवा म्हणाली, “यंदा दवाखाना पायजे. म्हनून आमी बंदर मागायचं ठरवलंय.”

मी आता रिटायर आहे. घरात बसूनच फॉर्म भरते, पेन्शनचे. आमच्या गच्चीवर पाणी साचून माझ्या स्वयंपाकघरात गळत होतं. सोसायटीला तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच मिळाली. चौथ्या अर्जात मी लिहिलं की ब्रोशरमधला स्विमिंग पूल गच्चीवर आपोआप तयार झालेला आहे, तरी त्याला उडी मारायची फळी बसवून द्यावी, पोहायचा ड्रेस माझ्याकडे आहे.

त्याच संध्याकाळी अख्खी कमिटी वर आली. म्हातारीचं डोकं फिरलं असं बोलतच जिना चढत होते, मला ऐकू येत होतं. सेक्रेटरींनी गच्चीचं दार उघडलं आणि पहिलाच पाय बुटासकट घोट्यापर्यंत आत गेला. मी मोबाइल तयार ठेवला होता. प्लंबर दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

कुणी हसायला आलं तरी चालेल. पाय ओला झाला पाहिजे.